निळ्या ताटलीच्या मागची दोन अक्षरं

मुलांनो, तुमच्या हॉलंडच्या आजींचं पुढच्या आठवड्यात सांगलीला यायचं नक्की झालं, तेव्हा फोनवर त्यांनी तुमच्या आईकरवी एवढंच विचारलं, "माझ्या आईने रंगवलेली ताटली बघायला मिळेल ना? तिच्या हातचं आता तेवढंच उरलंय. मागच्या बाजूला तिने ब्रशने नावाची दोन अक्षरं काढलीत."

मी "हो, हो" म्हटलं आणि फोन ठेवून कपाट उघडलं.

आपल्याकडे हॉलंडच्या निळ्या-पांढऱ्या ताटल्या दोन. एक त्यांनी तुमच्या आईबाबांच्या लग्नात दिलेली, दुसरी तुमच्या बाबांनी विमानतळावर घेतलेली. दोन्हींवर पवनचक्की, काठाला फुलांची वेल. एकीच्या मागे ठळक इंग्रजीत 'हाताने रंगवलेली' असं होतं. लिहिलंय म्हणजे खरं, असं धरून तीच मी कापडात गुंडाळून जपली. दुसरीच्या मागे नुसते निळे फराटे. ती फराळ घेऊन शेजारीपाजारी फिरायची, आणि या दिवाळीत लाडू घेऊन साताऱ्याला वन्संकडे गेली होती.

खिडकीशी बसून घरातली ताटली भिंगाखाली धरली. निळा रंग सगळीकडे एकसारखा. सावलीच्या जागी बारीक ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. काठावरची वेल एका जागी मधेच तुटून पुन्हा सुरू झाली होती. छापाची दोन टोकं तिथे नीट जुळली नव्हती. मागचं इंग्रजीही छापलेलंच. ब्रशची रेघ कुठे दाट, कुठे फिकी होते, तसं कुठेच काही नाही. म्हणजे खरी ताटली साताऱ्याला होती.

वन्संना फोन लावला.

"ती ताटली व्हय? आवं वहिनी, आत्ताच धाडली की सांगलीच्या गाडीनं! डायवर वळखीचा हाय."

"कशात बांधलीत?"

"पिशवीत. कंदी पेढं घातल्यात, लोणच्याची बरणी बी हाय. रिकामी कशी धाडू?"

"बरणी काचेची?"

"मग काय सोन्याची देऊ? एवढं काय घाबरताय? ताटली हाय, लेकरू न्हाई."

स्टँडवर मी फार लवकर जाऊन बसले. साताऱ्याची एकेक गाडी वळून आत यायची, खड्ड्यात आदळायची, आणि माझ्या कानात काहीतरी फुटायचं. तुमच्या त्या आजींना काय सांगणार होते मी? 'तुमच्या आईच्या ताटलीतून आम्ही लाडू वाटत होतो' म्हणून?

शेवटी ती गाडी आली. ड्रायव्हरने सीटखालून पिशवी एका बंदाने ओढली. आत खणकन वाजलं.

"आजी, दगडं भरल्यात काय हिच्यात?"

बाकावर बसून बरणी बाहेर काढली. ताटली वन्संच्या जुन्या लुगड्यात होती. सोडायच्या आधी कापडावरूनच काठावर बोट फिरवलं. सलग लागला. मग उलटी करून पाहिली. दोन अक्षरं, सुरुवातीला दाट, शेवटी पुसट, जरा कललेली.

वाटलं, आता भीती जाईल. गेली नाही. इतका वेळ ती दुसऱ्या कुणाच्या हातून फुटली असती. आता फुटली तर माझ्याच. रिक्षात मी तिला पोटाशी धरून बसले आणि "हळू चालवा" म्हणत राहिले.

"आजी, याच्यापेक्षा हळू म्हंजे उतरून ढकलायला लागंल!"

घरी आल्यावर तिला कपाटापर्यंत न्यायचाही धीर झाला नाही. सध्या ती माझ्या पलंगावर, दोन उशांच्या मधे आहे. तुमच्या आजी येईपर्यंत मी खाली गादी टाकून झोपते.