काकूंच्या चाळीस ओळी

आमच्या ऑफिसात प्लेचं बटण काकूंच्या ताब्यात आहे. हसू नका. मीही हसलो होतो. आम्ही धडे ऐकवणारी ॲप बनवतो; मोबाइलवर बोट टेकवलं की धडा सुरू होतो, व्हिडिओ लागतो, मग त्यासाठी पन्नाशीची बाई दिवसभर खुर्चीत बसून करते तरी काय, असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. मी तेव्हा नवा होतो आणि नाकाने कांदे सोलत होतो.

काकूंच्या वडिलांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. अडकलेली फीत सोडवायची, कॅसेट पेन्सिलीने गुंडाळायची, काळं पडलेलं हेड स्पिरिटने पुसायचं, यात त्यांचं लहानपण गेलं. पुढे लग्न, दोन मुलं आणि एकोणचाळिसाव्या वर्षी प्रोग्रामिंगचा क्लास. सासरे म्हणाले, "या वयात?" काकू म्हणाल्या, "मागच्या वयात तुम्ही सोडलं नाहीत, पुढच्या वयात डोळ्यांना दिसणार नाही. उरलं हेच." सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. हे मला काकूंनीच सांगितलं, तेही डबा खाताना, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

"वाजवणं सोपं असतं," त्या म्हणतात, "गप्प कधी बसायचं, ते शिकवणं अवघड." इअरफोन निघाला तर ॲपने थांबायचं, नाहीतर भर सभेत खिशातून आवाज यायला लागतो. नेट तुटलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. आणि कुणाचा कॉल आला तर लगेच बाजूला व्हायचं. दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे काकूंना त्यांच्या आईने शिकवलं आणि काकूंनी ॲपला. कॉलच्या वेळी गप्प बसण्यासाठी त्यांनी चाळीस ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळी मी काढून टाकल्या.

आधी ऐकून घ्या, मग शिव्या द्या. मला कोड साफ करायला सांगितलं होतं. आमच्या कपाटात तपासणीचे चौदा फोन आहेत, सगळे कोरे करकरीत, आणि एकातही सिम नाही. सिम दिलं की लोक गप्पा मारत बसतात, असं वरच्यांचं मत. शिवाय नव्या फोनना एवढी अक्कल असते की कॉल आला की ते स्वतःच ॲपचं तोंड दाबतात. जुन्या फोनना ती नसते. मी ओळी काढल्या, चौदाही फोनवर धडे वाजवून पाहिले, काडीचाही फरक पडला नाही. पडणार कसा? ज्या फोनना जन्मात कुणाचा कॉल आला नव्हता, त्यांच्यावर विसंबून मी निकाल दिला होता. बदलाशेजारी शेराही लिहिला, "निरुपयोगी ओळी काढल्या", आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

हे ॲप घरोघरी जाऊन रुग्णांची काळजी घेणाऱ्या नर्सेससाठी होतं. जाता-येता इअरफोन लावून धडे ऐकायचे. गिऱ्हाईक म्हणजे एक मोठी नर्सिंग संस्था. त्यांनी आधी वीस जणींना ते वापरून बघायला दिलं होतं, आणि त्या वीस जणींत काकूंची धाकटी बहीण होती.

एका सकाळी त्या बहिणीचा फोन आला. मी शेजारच्या टेबलावर, आणि बाईंचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही.

"ताई, तुझ्या ॲपला काय वेड लागलंय का? पेशंटकडे जिना चढत होते, कानात इन्सुलिनचा धडा. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. धड्यातली बाई म्हणतेय दहा युनिट, डॉक्टर सांगतायत सहा. दोघं एकाच वेळी, एकाच कानात! मी फोन कट केला, धडा बंद केला आणि परत लावून विचारलं. एखादी नवखी असती तर?"

काकूंनी स्वतःच्या जुन्या फोनवर तेच करून पाहिलं. तसंच झालं. मग त्यांनी कोडचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं हे त्यात कायमचं राहतं. माझं नाव वाचलं, शेरा वाचला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"निरुपयोगी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ओळी परत घालतो म्हणालो. पण त्यासाठी साहेबांची परवानगी हवी होती, आणि आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे डेडलाइनराव म्हणतात, यातच काय ते आलं.

"बुधवारी संस्थेच्या मुख्य नर्स येतायत," डेडलाइनराव म्हणाले. "आता एक ओळ हलवली तर पुन्हा पाच दिवस तपासणी. पुढच्या आवृत्तीत बघू. आपल्या फोनवर तर काही होत नाही ना, काकू?"

"आपले फोन कपाटात राहतात, साहेब. बहीण माझी बाहेर हिंडते."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "सर्व तपासले, दोष नाही." खाली काकूंच्या सहीचा चौकोन.

"सही करा, काकू. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे काम बघा."

"बघीन. सही नाही करणार."

मी तिथेच उभा होतो. चूक माझी, नोकरी जायची वेळ त्यांच्यावर, आणि मी मूग गिळून बूट बघत राहिलो. त्या क्षणाची मला लाज वाटते. डेडलाइनरावांनी चौकोन कोराच ठेवून फॉर्म पुढे पाठवला.

बुधवारी मुख्य नर्स आल्या. केस पांढरे, मनगटावर मोठं घड्याळ, बोलणं मोजकं. डेडलाइनराव पडद्यावर रंगीत आलेख दाखवत होते. मला बोलावलं होतं, काकूंना नव्हतं. त्या दार ढकलून आत आल्या, हातात त्यांचा तो जुना फोन.

"काकू, मीटिंग चालू आहे."

"म्हणूनच आले." त्यांनी तो फोन आणि इअरफोन मुख्य नर्सपुढे ठेवले. "बाई, हे कानात घाला, धडा ऐका. मधेच कॉल येईल, तो घ्या. मी डॉक्टर आहे असं समजा आणि सांगीन तो डोस या कागदावर लिहा."

आणि आल्या तशा बाहेर. डेडलाइनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी आलेखाकडे. मिनिटभराने फोन वाजला. बाईंनी कॉल घेतला, पेन उचललं. पेन कागदावर टेकलं, तसंच राहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इअरफोन काढले.

"तीस वर्षं हे काम करतेय. डोस मला कळला नाही, आणि न कळलेला डोस मी लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही हे?"

डेडलाइनरावांनी हात वर केले. "प्लेअर काकूंचा भाग आहे. त्यांच्याकडून राहून गेलं."

काकू दारात उभ्या होत्या. "राहून गेलं नाही. काढलं गेलं."

"कुणी काढलं?" बाईंनी विचारलं.

"ज्याने काढलं त्याने सांगावं. मला चहाड्या करायची सवय नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो, कारण मग ती त्यांची जबरदस्ती झाली असती. मी उठलो. माझी पाचावर धारण बसली होती.

"मी काढल्या. चुकून काढल्या. पण चार दिवसांपासून मला ठाऊक होतं." आणि मग इतके दिवस गिळलेला राग एकदम वर आला. "साहेबांनाही ठाऊक होतं!"

बाई उठल्या. "ओळी परत घाला. आमच्या नर्सच्या फोनवर, सिम घालून, मी स्वतः कॉल लावीन. तोपर्यंत हे ॲप आमच्या एकाही मुलीच्या कानात जाणार नाही."

त्याच संध्याकाळी मी चाळीसच्या चाळीस ओळी परत घातल्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या आणि माझ्या टेबलावर वरच्यांकडून एकेक पत्र आलं. वरिष्ठांना डावलून गिऱ्हाइकासमोर दोष उघड केल्याबद्दल माफी मागावी, पुन्हा असं करणार नाही असं लेखी द्यावं, अन्यथा राजीनामा द्यावा.

काकूंनी उभ्याउभ्याच पत्र वाचलं आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, "पुन्हा असा दोष दिसला, तर पुन्हा दाखवीन." सही केली, तारीख घातली.

"मी एकदा घरी बायकोला विचारतो," मी म्हणालो.

"जरूर विचार. पण सही तुलाच करायची आहे."

मी घरी जाईपर्यंत थांबलो नाही. त्यांचंच पेन मागून घेतलं आणि त्यांचंच वाक्य माझ्या पत्रावर लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं सरळ आलं नाही, पण वाचता येत होतं. उद्या सकाळी दोघांनाही वर बोलावलं आहे. बोलावू देत.