लाकडांतली दोरी

ओव्याला, आमच्या गावात, डोंगराच्या बाजूचं शेवटचं घर आमचं. बाबा खदानीत कामाला होते. तिथल्या धुळीनं त्यांची छाती धरली आणि ते घरी बसले. सिलिंडर रिकामाच कोपऱ्यात उभा असायचा. आईनं त्यावर फडकं घालून उदबत्तीचा पुडा ठेवला होता. स्वयंपाक मागच्या पडवीत, चुलीवर. म्हणून लाकडांचा ढीग. जे झालं ते त्या ढिगापायीच.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात तोवर बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पाणी, भांडी, झाडलोट उरकून मी कॉलेज गाठायची, आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या वर्षी डोंगरात सुरुंग वाढले आणि वरची जनावरं खाली यायला लागली. आधी मोरीत विंचू निघाले. मग कोंबडीची पिल्लं कमी होऊ लागली. पिसं नाहीत, रक्त नाही. एका सकाळी लाकडांवर कात मिळाली, माझ्या हातापेक्षा लांब. आईनं ती काठीनं उचलून चुलीत टाकली.

वहिनी साताऱ्याकडची, लग्न होऊन नवीनच आलेली, पोटुशी. त्या संध्याकाळी कपडे वाळत घालायची दोरी तुटली आणि धुणं चिखलात पडलं. वहिनी ते परत धूत होती आणि मधूनमधून दुसरी दोरी शोधत होती. आई लाकडं आणायला गेली ती रिकाम्या हातानं परतली. देवापुढं दिवा लावता लावता मला हळूच म्हणाली, "लाकडांत दोरी हाय."

आमच्याकडं दिवेलागणीला सापाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो येतो म्हणतात. मी समजले आणि काठी आणायला पुढच्या दाराशी गेले. पण मोरीतून वहिनीनंही ते ऐकलं होतं. साताऱ्याकडची ती, तिला दोरी म्हणजे दोरीच.

मी परत आले तर ती ढिगावर वाकलेली. एका हातात ओला टॉवेल, दुसरा हात लाकडांच्या फटीत. तेवढ्यात कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज आला. आमच्याकडं कुकर कधीचाच बंद होता.

"वहिनी, साप!"

तिनं हात ओढला. मधे टॉवेल आला, घोणस त्यालाच चावली. वहिनी मागच्या मागं बसली.

बाबांनी बोलावलेल्या सर्पमित्रानं घोणस बरणीत भरून नेली. पाणी पिऊन वहिनी आईला म्हणाली, "आत्या, तुमच्याकडच्या दोऱ्या फुसफुसत्यात व्हय?" बाबा खोकला येईपर्यंत हसले. आई हसली नाही. टॉवेल चुलीत घालताना माझ्याकडं बघून म्हणाली, "नाव घेतलंस तू. आता बघ."

त्यानंतर आम्ही वाट बघत राहिलो. पिल्लं कमी होतच होती. वहिनीच्या पोटात जरा कळ आली की आई आधी माझ्याकडं बघायची. मी शिकलेली, तरी लाकडं काढायच्या आधी ढीग काठीनं ठोकून बघायची.

वहिनी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. मी पदवीधर झाले, घरातली पहिली. नोकरी लागल्यावर सिलिंडर भरला आणि लाकडांचा ढीग हलवला. वहिनीची मुलगी आता बोलायला लागली आहे. सापाला साप म्हणायचं, दिवे लागल्यावरसुद्धा, हे तिला मी शिकवलं, आणि आईनं अडवलं नाही.