निरोगी गटातले बाबा

मी पुण्यात कंपवातावर संशोधन करते. आमच्याकडे रक्तातले मायक्रोआरएनए मोजतात. पेशीत प्रथिनं बनवायचे हुकूम सतत सुटत असतात आणि हे इवलेसे रेणू त्यातले काही अडवून धरतात. हे अडवणं बिघडलं की कुठे कॅन्सरची पेशी मोकाट वाढते, कुठे मेंदूतली मरते. सुट्टीत झाशीला गेले होते तेव्हा बाबांना हे समजावलं. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेले बाबा लगेच म्हणाले, म्हणजे कॉशन ऑर्डरच की. पुढे रूळ कच्चा असला की स्टेशन मास्तर ड्रायव्हरला हळू जाण्याची चिठ्ठी देतो, ती. वाचून सही केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

तुलनेसाठी मला साठीपुढच्या निरोगी माणसांचं रक्त हवं होतं आणि माणसं मिळत नव्हती. इथे घरातच धडधाकट माणूस बसलेला; काखेत कळसा अन् गावाला वळसा. ओरछा गेटच्या पॅथॉलॉजीवाल्या भैयांना घरी बोलावलं, रक्त काढलं आणि बर्फाच्या डब्यातून पुण्याला नेलं. सोबतचा, कंपवाताच्या सुरुवातीच्या खुणा विचारणारा फॉर्म भरायचा राहिला होता. वास कमी येतो का, अक्षर बारीक झालंय का, झोपेत हातपाय झाडता का. गाडीतच मी भराभर 'नाही'वर खुणा केल्या. आपल्या बापाला आपण ओळखत नाही होय?

आकडे आले तेव्हा निरोगी गटातला एकच नमुना रुग्णांच्या बाजूला जाऊन बसला होता. बाबांचा. वाटेत तांबड्या पेशी फुटल्या की आकडे बिघडतात, हे खरंच आहे. त्या फुटल्यात का, हे तपासता आलं असतं. मी तपासलं नाही. नमुना काढून टाकला, पुन्हा घेऊ म्हटलं आणि विसरले.

दोन वर्षांनी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. झाशीच्या डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले. वास तर कधीचाच येत नाही, बाबा म्हणाले. गॅसवरचं दूध करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचतात म्हणून आई त्यांना चिडवायची. मीही हसले होते.

एका नमुन्यावरून रोग ठरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. लवकर कळून तो थांबलाही नसता. पण ही दोन वर्षं आपल्याला काय होतंय हे न कळता बाबा एकटेच निभावत होते, आणि मला त्याची फार लाज वाटते.

डॉक्टरांकडून परतताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा, सांगायचं ना मला."

त्यांनी थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. "तूने पूछा ही कब, बेटा?"

तो फॉर्म अजून फाइलमध्ये आहे. खाली माझी सही आहे.