ड्रेनच्या पाइपवरचा मीटर

नगरमधल्या ज्या खासगी रुग्णालयात मी देखभालीचे काम करतो, त्याच्या गच्चीवर कूलिंग टॉवर आहे. एसीचे तापलेले पाणी त्यात वरून पडते, पंख्याने गार होते, काही वाफ होऊन जाते. क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे खारट झालेले थोडे पाणी सोडून द्यावे लागते आणि नवे घ्यावे लागते. सोडलेले पाणी पाइपातून मागच्या गल्लीतल्या गटारात जाई.

प्रत्यक्षात ते गटारापर्यंत क्वचितच पोहोचायचे. पाइपाखाली त्याच गल्लीत राहणाऱ्या मावशींचे पिंप असायचे. मावशी मूळच्या तिसगावच्या, दोन म्हशींच्या दुधावर त्यांचे घर चालायचे. नळाचे पाणी घरालाच जेमतेम पुरे. टॉवरच्या पाण्यात शेवाळ आणि क्षार धरू नयेत म्हणून औषध असते, म्हशींना पाजू नका, असे मी सांगितले होते.

"पाजते कशाला? तुमचं औषध तुमालाच लखलाभ," त्या म्हणाल्या.

त्या पाण्याने गोठा धुतला जाई आणि दुपारी म्हशी भिजवल्या जात. उन्हाळ्यात म्हैस भिजली नाही की दूध आटते.

रुग्णालयाचा बोअर आटला आणि टँकर सुरू झाले, तेव्हा व्यवस्थापनाने टॉवरला दोन मीटर बसवले: एक आत येणाऱ्या पाण्यावर, एक ड्रेनवर, म्हणजे बाहेर सोडलेल्या पाण्यावर. रोजचे रीडिंग माझ्याकडे आले. ड्रेनचा आकडा गरजेपेक्षा फारच मोठा निघाला, कारण व्हॉल्व्ह कायम अर्धा उघडा असे. मग क्षार वाढले तरच उघडणारा व्हॉल्व्ह आला. निर्णय योग्य होता.

दोन दिवसांनी मावशी गेटवर आल्या.

"भाऊ, वरचं मशीन बिघडलं का?"

"नाही मावशी. नीट झालं."

"मंग पानी?"

"आता पाणी पार खराब झालं, तरच थोडं सुटतं."

त्या हसल्या. "म्हंजी मशीन बिघडल्यालं हुतं, तवर आमचं बरं चाललं हुतं."

मी व्यवस्थापकांकडे मावशींच्या पाण्याचा विषय काढला. त्यांनी नीट ऐकून घेतले. "औषधाचं पाणी आपण बाहेर देतो, असं कोण कबूल करणार?" ते म्हणाले.

पाइपातून आता जे थोडे येई, ते म्हशींच्या अंगावर वाळले की पांढरी पुटे उरत. उन्हे वाढली तसे दूध कमी झाले. एक म्हैस विकली गेली. दुसरी तिसगावला मावशींच्या भावाकडे निघाली, तेव्हा टेम्पो गल्लीत उभा होता.

"तिकडं पाणी आहे का?" मी विचारले.

"न्हाई. पर लिंबाची सावली हाय."

त्या महिन्यात ड्रेनचा आकडा आतापर्यंतचा सर्वांत कमी आला. वाचलेल्या पाण्यावर रुग्णालयाच्या नव्या इमारतीचा टॉवर चालेल, असा हिशेब करून त्याला मंजुरी मिळाली. त्याचा ड्रेनही मागच्या गल्लीतच निघणार आहे. मीटर आधीच मागवला आहे.