एकाच बाजूला जाणारी चूक

दोन हजारच्या दशकात विंचूरकडे वाइनचे कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा त्यातल्या एकात मी संगणक सांभाळायचो. रोज सकाळी नाशिकहून मोटरसायकलवर जायचं, सर्व्हर चालू आहे का बघायचं आणि लोकांवर खेकसायचं. राग माझ्या नाकावर असायचा आणि स्वतःच्या हुशारीबद्दल तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती.

तिथल्या प्रयोगशाळेत एक ताई होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, घरची द्राक्षबाग. काढणीच्या हंगामात आलेल्या द्राक्षांची गोडी मोजणं हे त्यांचं काम. मणी चुरडायचा, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा आणि नळीला डोळा लावून आकडा वाचायचा. मणी घडाच्या खांद्यावरचा हवा, मधला हवा, शेंड्याचाही हवा. उन्हाकडचा तसा सावलीतलाही. कोणी नुसते टपोरे, पिकलेले निवडून आणले की त्या सरळ परत पाठवायच्या. एका प्लॉटचे असे दहा आकडे घ्यायचे. त्यांची सरासरी बावीसला पोचली की काढणी, नाहीतर थांबायचं.

ती सरासरी ताई वहीत काढायच्या. मी ती संगणकावर आणली. इनमिन चौदा ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी: दहा आकडे घे, बेरीज कर, दहाने भाग, दशांश चिन्हापुढे एकच आकडा ठेव, उत्तर बावीसच्या आत असेल तर शेजारी ‘थांबा’ छाप. शेलला स्वतःला अपूर्णांक कळत नाहीत, म्हणून भागाकार ‘बीसी’ नावाच्या जुन्या, भरवशाच्या प्रोग्रॅमकडे सोपवला होता. मी खूश होतो.

ताई आकडे संगणकात भरायच्या, पण वही काही सोडेनात. छापील यादीवर पेन्सिलीने स्वतःची सरासरीही लिहायच्या. एक दिवस साहेबांना दोन्हींत फरक दिसला आणि त्यांनी मला बोलावलं. मी यादीवर नजरही नीट न टाकता म्हणालो, “साहेब, संगणक बेरीज चुकत नाही. ताईंचं गणित कच्चं आहे.”

बोलून मी मोकळा झालो. साहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. जिला साधी सरासरी जमत नाही, तिच्या वाचनावर तरी कसा विश्वास ठेवायचा? सोमवारपासून एक बी.एस्सी. झालेली मुलगी मोजमाप करणार आणि ताई बाटल्या धुण्याच्या विभागात जाणार, असं ठरलं. रिफ्रॅक्टोमीटर साहेबांच्या कपाटात गेला.

शनिवारी सकाळी ताई वही घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. रडारड नाही, आवाज चढलेला नाही.

“सर, तीन आठवड्याचं हाय ह्यात. तुमचा आकडा कधी माझ्याएवढा येतो, कधी कमी येतो. जास्त एकदा बी नाय आला.”

“मग?” मी.

“माझी बेरीज चुकत असती तर कधी इकडं गेली असती, कधी तिकडं. ही चूक एकाच बाजूला जाती. ती माझी नाय.”

मी कॉलेजात संख्याशास्त्राच्या पेपरात चांगल्या मार्कांनी सुटलो होतो. हे मला सुचायला हवं होतं.

वहीतला एक प्लॉट घेतला. बेरीज २१९.६, सरासरी २१.९६. ताईंनी शाळेतल्या नियमाने लिहिलं होतं २२.०. माझ्या यादीवर होतं २१.९ आणि पुढे ‘थांबा’. बीसीला एकच आकडा ठेव म्हटलं की तो पुढचं सगळं छाटून टाकतो; मागे सहा आहे की नऊ, बघतही नाही. हे मला माहीत होतं, पण लिहिताना लक्षात आलं नाही आणि नंतर तपासायची गरज वाटली नाही. छाटण्याआधी पाच शतांश मिळवले की काम भागत होतं. दोन मिनिटांत दुरुस्त झालं. मला मात्र भयंकर लाज वाटली, आणि या बाईचं विलक्षण कौतुकही. तीन आठवडे कोणी विचारत नसताना तिने नुसती उत्तरं लिहिली नव्हती, चूक कुठल्या दिशेला जाते तेही पाहिलं होतं.

वही घेऊन मी साहेबांकडे गेलो. “चूक माझी आहे. ताईंचा एकही आकडा चुकलेला नाही.” साहेबांनी वहीतल्या दोन-तीन सरासऱ्या स्वतः काढून पाहिल्या. मग त्यांनी कपाट उघडलं आणि रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिला. “तुम्हीच नेऊन द्या.”

प्रयोगशाळेत मी तो ताईंपुढे धरला आणि माफी मागितली. त्या “असू द्या, सर” म्हणाल्या. पदराने काच पुसली, तिच्यावर शुद्ध पाण्याचा एक थेंब टाकला आणि नळीला डोळा लावून, शून्य शून्यावरच आहे ना, ते आधी बघून घेतलं.

“दुसऱ्याच्या हातात जाऊन आलाय,” त्या म्हणाल्या, आणि पहिला मणी चुरडला.