सुयांचा डबा

गल्लीतले लहानथोर तिला मशीनवाली मावशीच म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पायाची मशीन, शेजारी चिंध्यांची टोपली, खिळ्याला अडकवलेली कात्री आणि तिच्या वर क्रूस, एवढाच तिचा संसार. माप घेताना तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं कमी. आणि टाचण्या नसल्या तरी ती काही फार बोलायची असं नाही.

शनिवारी संध्याकाळचा तिचा एक नेम होता. मशीनची सुई काढायची, हातशिलाईच्या सगळ्या सुया गोळा करायच्या, पत्र्याच्या डब्यात घालायच्या, मशीनवर चादर टाकायची आणि डबा वरच्या मजल्यावरच्या विधवा नणंदेच्या हवाली करायचा. तो परत यायचा थेट सोमवारी सकाळी. बावीस वर्षांपूर्वी एका लग्नाचे कपडे अडले म्हणून तिने रविवारी, प्रभूच्या विसाव्याच्या दिवशी, मशीन चालवली होती, आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा शिडीवरून पडून गेला. देव असा दावा धरून बसत नाही, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी परोपरीने सांगून पाहिलं. ते तिच्या डोक्यात शिरलं, पण मनात उतरलं नाही. नेमाच्या पहिल्याच शनिवारी तिने डबा नणंदेच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, रविवारी मी पाया पडून मागितला तरी देऊ नका."

नणंदेला असली कामं मनापासून आवडत. तिने डबा ट्रंकेत टाकला आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

बावीस वर्षं हे असंच चाललं. मग एका रविवारी सकाळी आठच्या सुमाराला समोरचा इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला. त्याची बायको चार दिवस दवाखान्यात होती. पहिलंच बाळंतपण.

"मावशी, मुलगा झाला," तो म्हणाला. मग, "गेलेलाच झाला."

मावशी उठून उभी राहिली.

"दोन वाजता पुरायचंय. दवाखान्यातल्या टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. ही म्हणते, असा नको द्यायला मातीत. अंगावर एक कपडा तरी हवा, आणि तो मावशींच्या हातचा."

त्याने हातातलं कापड पुढे केलं. बायकोच्या लग्नातल्या पांढऱ्या कपड्याचा तुकडा, इस्त्री करून नीट चौघडी केलेला. अजून गरम होता.

"अरे, आज रविवार," मावशी म्हणाली.

"माहीत आहे."

"उद्या पहाटे उठून देते ना. चारला उठते."

"उद्या कुणाला घालणार, मावशी?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारावं तसं त्याने विचारलं. मग कापड मशीनवरच्या चादरीवर ठेवलं आणि तो पायरी उतरून गेला.

मावशी उपासनेला गेली. नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या जागी बसली. गीतं झाली, वाचन झालं, उपदेश झाला. शेवटी पाळकसाहेबांनी इस्त्रीवाल्याच्या घरासाठी प्रार्थना केली, की प्रभू, त्या माऊलीचं सांत्वन कर. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मावशीच्या मनात आलं, सांत्वन कर म्हणून देवाला गळ घालायची, आणि आपण हातभर कापड घडीचं घडीत ठेवून यायचं! शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत ती बाकावरून उठली आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने बाहेर पडली. अकरा वाजले होते.

गुडघ्यांमुळे नणंद उपासनेला जात नसे. खुर्चीत पवित्र शास्त्र उघडून बसली होती.

"वन्सं, डबा द्या."

"बरं नाही का तुला? आज वार कोणता?"

"माहीत आहे वार. इस्त्रीवाल्याचं बाळ गेलं. त्याला अंगडं शिवायचंय."

"वाईट झालं हो," नणंद म्हणाली, पण तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. "पाया पडले तरी देऊ नका, असं कोण म्हणालं होतं? मी?"

"प्रभूने वाळलेला हात शब्बाथाच्या दिवशीच बरा केला."

"तो प्रभू होता. तू शिंपीण आहेस."

मावशीने विनवून पाहिलं, रडून पाहिलं. नणंद काही बधेना. बावीस वर्षं तिने ती किल्ली जपली होती, आणि माझ्या भावाचं काय झालं ते विसरलीस का, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. यात तासभर गेला. शेवटी मावशी दाराकडे वळली.

"ठीक आहे. कापडाला मधे भोक पाडते आणि तसंच गळ्यात घालते. विचारलं तर सांगेन, सुया कुलपात होत्या."

मागे ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

"घे बाई. पण पाप तुझ्या माथी."

"असू दे."

मशीनचा आवाज गल्लीभर गेला. उपासनेनंतर रेंगाळून परतणारी माणसं खिडकीशी क्षणभर थबकत आणि पुढे जात. माप नव्हतंच, मावशीने आपल्या कोपरापासून बोटांपर्यंत कापड लावून पाहिलं आणि अंदाजाने कात्री चालवली. दोनदा दोरा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा नणंद भिंतीला धरत धरत खाली आली होती. तिने चष्मा सावरला आणि सुईत दोरा ओवून दिला.

मावशी दफनभूमीत पोचली तेव्हा सव्वादोन झाले होते. खड्डा खणणारा फावड्याच्या पाठीने माती चोपत होता. इस्त्रीवाला बाजूला एकटाच उभा होता.

"थांब म्हटलं त्याला," तो म्हणाला. "पण त्याला दुसरीकडे जायचं होतं."

मावशीने पिशवीतून अंगडं काढलं. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "छान झालंय," म्हणाला आणि परत तिच्या हातात दिलं.

"सकाळीच बसले असते तर..."

तो फाटकाकडे चालू लागला.

दोघं तिथून दवाखान्यात गेली. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून वळली, पण नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"मावशी, घातलंत ना त्याला?"

इस्त्रीवाला खाली वाकून चादरीची सुरकुती तळव्याने साफ करू लागला. मावशीच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत अंगडं होतं. जन्मात कधी खोटं बोलायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. आणि तोही तिने तितक्याच कडकपणे पाळला होता.

"घातलं गं," ती म्हणाली. "अगदी अंगासरसं बसलं."

त्या पोरीने डोळे मिटले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली.

सोमवारी फाटक उघडताच मावशी दफनभूमीत गेली. ओली माती हातांनीच उकरली, कोपरभर खाली अंगडं ठेवलं आणि पुन्हा माती सारखी केली. सोमवारी काम करायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

मशीनवर अजून शनिवारी चादर पडते, पण सुई आता मशीनलाच असते. नणंदेने एकदाच विचारलं, "डबा?" मावशी म्हणाली, "राहू दे." मंडळीतल्या काही बायका आता कपडे दुसरीकडे टाकतात. प्रार्थनेत मावशी रोज क्षमा मागते. त्या खोट्याची मागत नाही. त्या सकाळच्या तीन तासांची मागते.

इस्त्रीवाल्याची बायको अधूनमधून कपड्यांचा गठ्ठा घेऊन येते. बसते, इकडचं तिकडचं बोलते. उठता उठता न चुकता विचारते, "मावशी, बाही मोठी नव्हती ना झाली?"

मावशी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढते.

"नाही गं. बरोबर बसली."