गाभण घोडी आणि भिजलेलं कुटार

आमची घोडी वरातीची. सासऱ्यांनी ती शिंगरू असताना माळेगावच्या जत्रेतून आणली होती. बँड वाजत असताना, फटाके फुटत असताना नवरदेवाला पाठीवर घेऊन शांत कसं चालायचं, हे तिला त्यांनी एकट्यानं शिकवलं होतं. मी लग्न होऊन शिरड शहापूरला आले तेव्हा तिच्या मागून जायलाही घाबरायचे. पण सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा मालवाहू टेम्पोवर आठवड्यातले चार दिवस बाहेर, आणि सासऱ्यांचे गुडघे धरलेले. हळूहळू घोडीचं सगळं माझ्याकडे आलं. पाणी, वैरण, लीद काढणं, खरारा.

आणि मला काटकसरीची गोडी लागली. डाळमिलवरून हरभऱ्याची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणायची. तबेल्यात अंथरायला उसाचं पाचट, जे लोक एरवी शेतातच पेटवून देतात. तोंडाला बांधायच्या बाजारच्या नायलॉनच्या मोरखीनं घोडीच्या गालाला घट्टे पडायचे, म्हणून मी जुन्या सुती लुगड्यांची वेणी घालून मोरखी वळली. थंडीसाठी फाटक्या वाकळांची झूल शिवली. माश्यांना कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. नालबंदाला घरी बोलवण्यापेक्षा सासरे बाजाराच्या दिवशी घोडीच औंढ्याला न्यायचे, आणि नाल फार झिजला नसेल तर खूर तासून तोच पुन्हा ठोकून आणायचे.

"घोडी कशी पोसावी हे आमच्या सुनंकडून शिकावं," असं ते दारात आलेल्या माणसाला सांगायचे. ते ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढं जे झालं ते त्या कौतुकापायीच झालं, असं मला आता वाटतं.

घोडीचं वय होत चाललं होतं. तिच्या जागी जनावर तयार व्हावं म्हणून सासऱ्यांनी एका हिवाळ्यात तिला चांगला घोडा लावून आणला. घोडी गाभण राहिली. अकरा महिन्यांचं ओझं ते. पावसाळ्यापूर्वीच त्यांनी तिला वरातीला पाठवणं बंद केलं. म्हणजे कमाई थांबली आणि खाणं वाढलं. त्यात कडबा महाग, कारण जो तो सोयाबीन आणि हळद लावतो, ज्वारी कोण पेरतो?

"बाकी कशात बी काटकसर कर," सासरे म्हणाले, "पण गाभण जनावराच्या तोंडचं कमी करू नको, बाई."

चांगल्या कडब्याच्या पेंढ्या होत्या घरात. पण मी त्या घोडी व्याल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवल्या. तेवढ्यात सोयाबीन काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला. हट्ट्याकडच्या एका शेतकऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ढिगातच भिजलं. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "घेऊन जा, न्हाईतर पेटवून देतो." नवऱ्यानं टेम्पो भरून आणला.

मी ते चार दिवस गच्चीवर पसरून वाळवलं. वरून छान पिवळं दिसायला लागलं. पण ढिगात हात घातला की आत किंचित गरम लागायचं, आणि बरेच दिवस बंद राहिलेली पेटी उघडल्यासारखा वास यायचा. काही काड्यांवर काळे ठिपके होते. जास्त काळं होतं ते मी निवडून फेकलं. उरलेल्याचं ऊन बघून घेईल, असं मनाला समजावलं.

सासरे आले, मूठभर कुटार हातात चोळून पाहिलं. आयुष्यभर तपकीर ओढून त्यांना वास येणं बंद झालं होतं.

"वास तर न्हाई ना येऊन राहिला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा. चांगलं वाळलंय."

मी लगेच बोलले. जरा थांबले असते तर कदाचित खरं बोलले असते.

पहिल्या दिवशी घोडीनं वर घातलेला थोडासा कडबा निवडून खाल्ला आणि कुटार तसंच ठेवलं. तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यावर चुनीचं पाणी आणि मीठ शिंपडलं. मग तिनं खाल्लं.

पाचव्या दिवशी सकाळी मी तबेल्यात गेले तर ती पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, खाली बसायची, लगेच उठायची. मानेवर घाम. लीद टाकलेली नव्हती. मी हाक मारली तसे सासरे काठी न घेताच आले.

"पोटशूळ हाय. लोळू देऊ नको तिला!"

आम्ही तिला आळीपाळीनं अंगणात फिरवत राहिलो. औंढ्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. सासरे बाहेर घोडीला धरून उभे असताना डॉक्टर आत वैरण बघायला आले. कुटाराची मूठ नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

"याला बुरशी आहे, ताई. वास आला नाही तुम्हाला?"

मी पायानं कुटार मागं सारलं. ते म्हणाले, "हे आजच जाळून टाका."

दुपारी घोडीनं लीद टाकली. सासऱ्यांनी तिच्या मानेला मिठी मारली. मी सगळं कुटार परसात नेऊन पेटवलं. डॉक्टरांनी हे तिला मानवत नाही म्हणून सांगितलं, एवढंच मी सासऱ्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बरं झालं, थोडक्यात निभावलं."

निभावलं नव्हतं. दहा-बारा दिवसांनी, दिवस भरायला महिना असताना, भर दुपारी घोडी गाभडली. नवरा नांदेडला माल घेऊन गेलेला. आम्ही दोघंच होतो. शिंगरू पूर्ण झालेलं होतं. खूर मऊ, पापण्यांना केस, कपाळावर पांढरा टिळा. सासऱ्यांनी त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, छाती चोळली, तोंडावर फुंकर घातली. बराच वेळ ते करत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "मामा, उठा आता."

घोडी त्याला चाटत होती. तिच्या सडांतून दूध ठिबकत होतं.

डॉक्टर पुन्हा येऊन गेले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "कुटारामुळंच झालं का?"

"असेल. नसेलही. नक्की कोणी सांगू शकणार नाही."

या उत्तरानं मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट झालं. नक्की कळलं असतं तर तेवढ्यापुरतं रडून घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे ओसरीवर बसले होते, तिथं जाऊन मी सगळं सांगितलं. गरम ढीग, काळे ठिपके, वास, चुनीचं पाणी, डॉक्टर काय म्हणाले ते.

ते ओरडले नाहीत. तपकिरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली. मग म्हणाले, "मला वास येत न्हाई, म्हणून तुला इच्यारलं होतं. काहून बोलली न्हाईस?"

"तुमी मला चांगलं म्हणता, मामा. फुकट मिळालेलं वाया गेलं असं सांगायला लाज वाटली."

त्यांनी मान हलवली. ती माफी होती की नाही, मला कळलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आणलं तर मीच होतं," आणि पाठ फिरवून टेम्पो पुसत बसला.

त्या दिवसापासून वैरण सासऱ्यांनी स्वतःकडे घेतली. धरलेल्या गुडघ्यांनी पेंढी ओढत नेतात. मी उचलायला गेले की "राहू दे" म्हणतात, रागावून नाही, पण देत नाहीत. लीद आणि खरारा अजून माझ्याकडे आहे. बोलणं पहिल्यासारखंच चालतं. दारात आलेल्या माणसाला मात्र ते आता सुनेबद्दल काही सांगत नाहीत.

लग्नसराईत घोडी पुन्हा वरातीला जायला लागली. अंग भरलं, चाल सुधारली. या हिवाळ्यात एकदा चहा घेताना नवऱ्यानं विचारलं, "बाबा, पुन्हा घोडा लावायचा का तिला?"

सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला. "थकली आता ती," म्हणाले.

घोडी थकलेली नव्हती. तिघांनाही ते दिसत होतं. मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले.